शुक्रवारचा खुनी

शंभर वर्षांपूर्वी लंडनच्या पूर्व भागात पाच बायकांना मारणारा आणि कधीच न सापडलेला तो माणूस आमच्या रियाधच्या मराठी बैठकीत आला तो एका सुटकेसमधून. बैठकीतले एक गृहस्थ कंपनीच्या कामासाठी लंडनला गेले होते. येताना त्यांनी त्या खुनांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. विमानतळावर तपासणाऱ्यानं ते उभ्याउभ्या चाळलं. खुनांबद्दल त्याची काही तक्रार नव्हती, पण आत जिथे जिथे बाईचं चित्र होतं तिथे त्यानं जाड काळा मार्कर फिरवला, अगदी कडेपर्यंत, आणि पुस्तक परत दिलं. पुढे ते माझ्या हातात आलं तेव्हा त्या पानांच्या मागच्या बाजूलाही शाई फुटलेली होती.

हे नव्वद सालच्या शेवटी शेवटी. इराकनं कुवेत घेऊन चार महिने झाले होते, अमेरिकन सैन्य वाळवंटात येऊन बसलं होतं आणि लढाई होणार की नाही यावर आमच्याकडे रोज चहाबरोबर चर्चा व्हायची. ज्यांना जमलं त्यांनी बायकामुलांना मुंबईच्या विमानात बसवून दिलं. माझ्या नवऱ्यानंही विषय काढला होता. मी म्हटलं, "तुम्ही येणार असाल तर येते." बँकेत त्याचं नव्या संगणकांचं काम ऐन भरात होतं आणि साहेब रजेवर सही करायला तयार नव्हता, त्यामुळे विषय तिथेच संपला. आम्ही तिघं राहिलो. तो, मी आणि आमची दहा वर्षांची मुलगी, जिच्याशी मी मराठीत बोलायचे आणि जी मला शाळेतल्या हिंदीत उत्तरं द्यायची.

बैठक म्हणजे दहा-बारा मराठी घरं. दर शुक्रवारी दुपारनंतर कुणाकडे तरी जमायचं. असं जमणं तिथे फार उघडपणे करून चालत नसे, म्हणून गाड्या दोन गल्ल्या पलीकडे लावायच्या आणि चपला दाराबाहेर न ठेवता पिशवीत घालून आत न्यायच्या. आत गेलं की पुरुष गालिच्यावर लोडांना टेकायचे, कुणीतरी काही लिहिलेलं वाचायचं आणि मग वाद रंगायचा. बायका स्वयंपाकघराच्या दाराशी बसून ऐकायच्या, म्हणजे तळणाच्या आवाजातून जेवढं कानावर येईल तेवढं. वर्षातून एकदा गुढीपाडव्याला बैठकीचा अंक निघायचा. मराठी टाइपरायटर तिथे कुठला मिळायला, तेव्हा तो सगळा हातानं लिहायचा आणि कुणाच्या तरी ऑफिसातल्या झेरॉक्सवर गुपचूप काढायचा.

या अंकाचे संपादक म्हणजे दुसऱ्या एका बँकेच्या संगणक विभागाचे प्रमुख. पन्नाशीचे, तेरा वर्षं रियाधमध्ये काढलेले, अक्षर मोत्यासारखं. संपूर्ण अंक तेच लिहून काढायचे. माणूस वाईट नव्हता. कुणाचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, अडकला की हे गृहस्थ स्वतःची रजा टाकून त्याच्याबरोबर पासपोर्टच्या कचेरीत दिवसभर उभे राहायचे. फक्त त्यांचा स्वतःच्या डोक्यावर अतोनात विश्वास होता आणि दुसऱ्यांच्या डोक्यावर, विशेषतः त्या डोक्याला अंबाडा असला तर, अजिबात नव्हता.

मी इतिहासाची एमए. लग्नाआधी दोन वर्षं साताऱ्याला ज्युनिअर कॉलेजात शिकवलं होतं. रियाधला आले तेव्हा माझ्या इकाम्यावर अरबीत लिहून आलं, काम करण्यास परवानगी नाही. नवऱ्यानं ते मला वाचून दाखवलं तेव्हा मी हसले होते. आठ वर्षांनी हसू येत नव्हतं. घर झाडून, पुसून, पोरीचा अभ्यास घेऊन, साडेदहाला मी खिडकीशी उभी राहायचे आणि माझं डोकं गंजत चाललंय हे मला स्पष्ट कळायचं. अंकासाठी मी दोनदा लेख लिहिला. दोन्ही वेळा संपादकांनी तो परत केला. "वहिनी, छान आहे, पण जरा जड होतंय." मग मला नेहमीचं पान मिळायचं, पाककृतींचं. आठ वर्षांत मी खजुराचे नऊ पदार्थ लिहिले. त्यातले चार मी कधी केलेले नाहीत.

तर त्या डिसेंबरात एका शुक्रवारी संपादकांनी लंडनच्या खुन्यावर स्वतःचा नवा सिद्धांत वाचला. पुस्तक बैठकीत फिरायला लागल्यापासून जो तो आपापला खुनी शोधत होताच. दातांचे एक डॉक्टर होते, त्यांच्या मते तो डॉक्टर असणं शक्यच नव्हतं. एक सिव्हिल इंजिनिअर होते, त्यांना तो गटारांची माहिती असलेला कुणीतरी वाटत होता. पण संपादकांचं काम पद्धतशीर. त्यांनी ऑफिसच्या संगणकावर स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता. जुनी तारीख दिली की वार सांगायचा. पाचही खुनांच्या तारखा त्यात घालून त्यांनी कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर तक्ता छापून आणला होता. वार, तारीख, वेळ, ठिकाण, आणि सुट्टीचे दिवस लाल स्केचपेननं भरलेले.

"पहिला खून शुक्रवारी पहाटे," त्यांनी तक्त्यावर पट्टी ठेवली. "शेवटचा शुक्रवारी पहाटे. दुसरा शनिवारी उजाडताना, म्हणजे शुक्रवारची रात्र संपता संपता. आता सांगा, हा काय योगायोग आहे? हा नोकरदार माणूस आहे. सुट्टीच्या दिवशीच मोकळा होणारा."

मधल्या दोन बायका एकाच रात्री मारल्या गेल्या होत्या आणि ती पहाट रविवारची होती. त्याचं काय, असं कुणीतरी विचारलं. "अपवाद," संपादक म्हणाले. "त्या आठवड्यात त्यानं रजा जोडून घेतली असणार. आपण नाही घेत?" सगळे हसले. रजा जोडून घेणं हा तिथे सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता.

मग त्यांनी त्या धाग्यावरून पूर्ण माणूस उभा केला. विमा कंपनीतला कारकून. राहायला लंडनबाहेर. आठवडा संपला की संध्याकाळच्या गाडीनं शहरात यायचा, रात्रभर भटकायचा, काम उरकून सुट्टीचा दिवस एखाद्या लॉजवर झोपून काढायचा आणि दुसऱ्या दिवशी भांग पाडून कामावर हजर. नेमका, वक्तशीर, कामात चोख. ऐकता ऐकता माझ्या मनात आलं की हा खुनी हळूहळू संपादकांसारखाच दिसायला लागला आहे. लेखाचं नाव होतं 'शुक्रवारचा खुनी'. टाळ्या पडल्या. पाडव्याच्या अंकात पहिल्या पानापासून बारा पानं हाच लेख जाणार असं तिथेच ठरलं.

मी चहा घेऊन आत गेले होते. तक्ता गालिच्यावर पसरलेला. त्यात पाच बायकांच्या जागी क्रमांक होते. एक, दोन, तीन, चार, पाच. मला एकदम राग आला. कशाचा, ते त्या वेळी नीट सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "या विषयावर मलाही लिहायचंय."

"तुमचं पान आहेच की वहिनी," संपादक कप उचलत म्हणाले. "या खेपेला खजुराचं काहीतरी गोड."

"खजूर पुरे झाला. मला यावर लिहायचंय."

नवरा माझ्याकडे बघत होता, आता गप्प बस असं डोळ्यांनी म्हणत. संपादकांनी मात्र मजेत घेतलं. "ठीक आहे. माझ्या सिद्धांतात एक चूक काढून दाखवा. किरकोळ नव्हे, मोठी. काढलीत तर पहिलं पान तुमचं. मी माझ्या हातानं लिहून देईन."

"बाराही पानं?" मी विचारलं.

"बाराही," ते म्हणाले, आणि पुन्हा सगळे हसले. मी पुस्तक मागून घेतलं आणि घरी आले.

पुढचा महिनाभर मी ते पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. मराठी माध्यमातली मी, इंग्रजी वाचता यायचं पण पानाला पंधरा मिनिटं लागायची. अख्खी वही भरली. संपादकांनी एका गल्लीचं अंतर चुकीचं दिलं होतं. एका साक्षीदाराची वेळ दहा मिनिटांनी चुकवली होती. किरकोळ, सगळं किरकोळ. मी रेल्वेच्या मागे लागले, दवाखान्यांच्या मागे लागले, त्या काळच्या विमा कंपन्यांच्या मागे लागले. हाती काहीच लागेना. रात्री जेवताना नवरा विचारायचा, "सापडला का गं तुझा खुनी?" आणि मी त्याच्या पानात भाजी जरा जोरात वाढायचे.

एक झालं मात्र. खुनी सापडला नाही, पण बायका सापडल्या. चित्रं काळी केली होती तरी मजकूर शाबूत होता. एकीला त्या रात्री निवाऱ्याच्या दारातून परत पाठवलं होतं, कारण खाटेपुरते पैसे तिच्याकडे नव्हते. ती हसत गेली होती. डोक्यावर नवी टोपी होती, ती दाखवत गेली होती. एकीच्या खिशांत चहा आणि साखर ठेवायच्या छोट्या डब्या निघाल्या. म्हणजे जे घरात असायला हवं ते सगळं ती अंगावर बाळगून फिरत होती, कारण घरच नव्हतं. मी स्वयंपाकघरातल्या माझ्या डब्यांकडे बघत बसले आणि मला रडू आलं. शंभर वर्षं लोक त्या माणसामागे धावतायत. नव्या नव्या अटकळी, नवे नवे संशयित. त्या डब्यांचं कुणाला काही नव्हतं.

जानेवारीत लढाई सुरू झाली. पोरीची शाळा बंद. झोपायच्या खोलीच्या खिडक्यांना आम्ही प्लॅस्टिक लावून खाकी चिकटपट्टीनं बंद केल्या, कारण क्षेपणास्त्रातून विषारी वायू येईल असं सांगितलं होतं. दाराच्या फटीत लावायला ओले टॉवेल बादलीत तयार ठेवायचे. सायरन झाला की आत जायचं, टॉवेल लावायचे, रेडिओ लावायचा आणि बसायचं. पहिल्या दोन वेळा मला फार भीती वाटली. नंतर त्याचीही सवय झाली. आत जाताना मी पुस्तक घेऊन जायला लागले.

अशातच एका सकाळी साताऱ्याहून भावाचा फोन आला. बूथवरून बोलत होता आणि मागे गलका ऐकू येत होता. "सगळे आलोत तुझ्याशी बोलायला," तो ओरडून म्हणाला. "आई, काकू, पोरं. आज रविवार, सगळे घरीच होते. भावजींना दे जरा."

"ते ऑफिसला गेलेत."

"रविवारचं? युद्ध चालू असताना सुट्टीच्या दिवशीसुद्धा राबवतात?"

"अरे, आज कसली सुट्टी," मी म्हटलं, "आमच्याकडे सुट्टी शुक्रव..."

वाक्य तिथेच राहिलं. भाऊ पलीकडून हॅलो हॅलो करत होता. आईशी काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवला आणि मी धावत जाऊन वहीत ठेवलेला तो तक्ता काढला. संपादकांनी प्रत्येकाला एकेक प्रत दिली होती, लाल रंग भरून, मोठ्या अभिमानानं. लाल रकाने गुरुवारचे आणि शुक्रवारचे होते.

गुरुवार आणि शुक्रवार. इंग्लंडात. शंभर वर्षांपूर्वी. जिथे रविवारी चर्चच्या घंटा वाजतात आणि शनिवारी अर्धा दिवस काम असतं, तिथल्या कारकुनाला आमच्या बँकवाल्यानं शुक्रवारची सुट्टी देऊन टाकली होती.

कशी झाली असेल ही चूक ते मला बसल्या जागी कळलं, कारण नवरा त्याच धंद्यातला. वार काढायचा प्रोग्रॅम संपादकांनी स्वतः लिहिला, तो अगदी बरोबर होता. सुट्ट्या मात्र त्यांनी ऑफिसच्या हजेरीच्या प्रोग्रॅममधून जशाच्या तशा उचलल्या होत्या. त्या प्रोग्रॅमला रियाधची गुरुवार-शुक्रवारची सुट्टी तेवढी माहीत. छापून आलेलं त्यांनी बघितलं आणि त्यांना काही खटकलं नाही. तेरा वर्षं शुक्रवारीच जे उशिरा उठतात त्यांना का खटकावं? आणि त्यांचं कशाला, त्या खोलीत बसलेल्या वीस माणसांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. मी महिनाभर तो कागद उशाशी घेऊन झोपत होते, मलाही दिसलं नाही. आठ वर्षं मीही शुक्रवारीच डोक्यावरून न्हात होते.

मी जमिनीवर बसून हसायला लागले. पोरगी दारात येऊन उभी राहिली. "आई, आप हँस क्यों रही हो?"

"इकडे ये," मी म्हटलं आणि तिला तक्ता दाखवला. "यात चूक सांग." तिनं बघितलं. तिलाही दिसली नाही. ती तर रियाधमध्येच वाढलेली. तिला जवळ घेऊन मी सगळं समजावून सांगितलं आणि वर दम दिला की बाबांना अवाक्षर सांगायचं नाही. पाच दिवस मी ते पोटात ठेवलं. आयुष्यात इतकं काही पोटात ठेवलं नव्हतं.

त्या शुक्रवारी बैठक आमच्याकडेच होती. युद्धामुळे माणसं निम्मी झाली होती, पण संपादक सपत्नीक आले होते. त्यांच्या बँकेनं त्यांना गॅसचा मास्क दिला होता, तो त्यांनी गळ्यात अडकवला होता. आम्हा बाकीच्यांना मास्क मिळणार मिळणार असं महिनाभर चाललं होतं. रत्नागिरीकडचे एक चाचाही आले होते. शहराच्या बथ्था बाजारात त्यांचं भाजीचं दुकान, सगळ्या मराठी घरांना अळूची पानं तेच पुरवायचे. वाचन झालं, वाद झाला, संध्याकाळची मगरिबची अजान होऊन गेली. मी पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि तिथेच उभी राहिले.

"मला चूक सापडलीय," मी म्हटलं.

"वा," संपादक म्हणाले. "खाऊन झाल्यावर ऐकू. लिंबू आहे का हो?"

मी लिंबू आणायला वळले, याचा मला आजही राग येतो. आणि तेवढ्यात सायरन झाला.

सगळे उठले. मी, नवरा, पोरगी, संपादक, त्यांच्या पत्नी, चाचा आणि आणखी पाच-सहाजण, सगळे आमच्या झोपायच्या खोलीत. नवऱ्यानं दार लावलं, मी फटीला टॉवेल लावले. संपादकांनी मास्क चढवला. आम्ही रुमाल ओले करून हातात घेतले. आता धोका टळल्याचा सायरन होईपर्यंत कुणालाही बाहेर जाता येणार नव्हतं. मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की असा श्रोतृवर्ग मला जन्मात पुन्हा मिळणार नाही.

"इंग्लंडात शुक्रवारी सुट्टी असते का?" मी विचारलं.

मी तक्ता पलंगावर पसरला आणि लाल रकान्यावर बोट ठेवलं. पहिला कोण हसला ते आठवत नाही, बहुधा दातांचे डॉक्टर. मग नवऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. "हजेरीचा प्रोग्रॅम," तो पुटपुटला. "सुट्ट्या हजेरीतनं घेतल्यात."

संपादक मास्कच्या आतून काहीतरी म्हणाले. नुसतं घुमलं. मी थांबले नाही. शुक्रवार हा तिथे कामाचा दिवस. शनिवारीही निदान सकाळी कामावर जायचंच. म्हणजे लंडनबाहेरच्या या कारकुनाला गुरुवारी संध्याकाळी यायला सवड नाही आणि शुक्रवारी पहाटे खून करून, रक्ताचे कपडे बदलून, पहिली गाडी धरून वेळेवर टेबलाशी बसायला तर मुळीच नाही. "आणि तुम्ही अपवाद म्हणून बाजूला ठेवलात ना, ती रविवारची पहाट," मी म्हटलं, "पाच खुनांत तेवढीच एक सुट्टीची निघाली."

दूर कुठेतरी धडाम झालं आणि काचा थरथरल्या. पोरगी मला बिलगली. तिच्या डोक्यावर हात ठेवून मी बोलतच राहिले. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्या क्षणी मला थांबवायला त्या आवाजापेक्षा मोठं काहीतरी लागलं असतं.

संपादकांना राहवेना. त्यांनी हातवारे केले, पुन्हा घुमले, आणि मग मास्क वर सरकवून तोंड मोकळं करत म्हणाले, "शेवटच्या खुनाच्या दिवशी शहरात महापौराची मिरवणूक होती. लोक मोकळेच होते."

"मिरवणूक होती, सुट्टी नव्हती," मी म्हटलं. "त्याच पुस्तकात आहे. लोक काम सोडून बघायला गेले होते, तेही दिवसा. खून त्याच्या आधी झालाय."

"अहो, मास्क घाला आधी," त्यांच्या पत्नी कोपऱ्यातून शांतपणे म्हणाल्या. "चूक निघाली म्हणून जीव द्यायला नको."

ते घालेनात. मास्क डोक्यावर तसाच, रबराचे वळ गालांवर उमटलेले, आणि नजर तक्त्यावर खिळलेली. "मग तो कोण?" त्यांनी विचारलं. आवाजात थट्टा नव्हती. आठ वर्षांत पहिल्यांदा ते मला काहीतरी खरंच विचारत होते.

"कोण ते मला माहीत नाही. पण तो तिथलाच. चालत घरी जाण्याइतका जवळचा. आणि त्या वेळी रस्त्यावर दिसला तरी कुणाला नवल वाटू नये असा. पहाटे कामावर जाणारा कुणीतरी."

चाचा भिंतीला टेकून बसले होते. ते हळूच म्हणाले, "वयनी सांगतायत ता बराबर हाय. मी रोज पहाटे तीनला भाजीच्या बाजारात जातो. हातात सुरा, कपड्याला डाग. बारा वर्सात कोनी इचारलान नाय, खय चाललास."

तो विमा कंपनीचा कारकून, भांग पाडलेला, वक्तशीर, आमच्या झोपायच्या खोलीत सगळ्यांसमोर नाहीसा झाला. थोड्या वेळानं धोका टळल्याचा सायरन वाजला. नवऱ्यानं टॉवेल काढले. बाहेर येताना त्यानं माझा दंड दाबला आणि म्हणाला, "मला तरी सांगायचंस." त्याच्या तोंडावर जो अभिमान होता तो मी आधी फक्त त्याच्या कामाबद्दल बोलताना पाहिला होता. पोहे थंडगार झाले होते. त्या दिवशी ते पुरुषांनी गरम केले.

लढाई संपली. खिडक्यांच्या चिकटपट्ट्या निघता निघेनात, रंगाचे पापुद्रे घेऊनच निघाल्या. मार्चमध्ये एका दुपारी संपादक आमच्याकडे आले. बगलेत कोरे कागद, खिशात जाड निबाचं पेन. शब्दाचे पक्के निघाले. मला तोवर वाटत होतं की काहीतरी कारण काढतील. माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी बारा पानांचा माझा लेख त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवून घ्यायला सुरुवात केली. नवरा ऑफिसात होता आणि परक्या पुरुषाबरोबर बाईनं एकटं बसणं तिथे चालत नसे, म्हणून पोरगी समोर अभ्यासाला बसली होती. मी मधे मधे वाचून दाखवत होते.

लेखात खुनी कोण यावर एक पान होतं. सुट्टीची चूक आणि चाचांचं म्हणणं, दोन्ही होतं. उरलेली अकरा पानं त्या पाचजणींची होती. कुठे जन्मल्या, कुणाच्या मुली, कुणाच्या आया, काय काम करायच्या, शेवटच्या दिवशी काय खाल्लं. क्रमांक एकही नव्हता. प्रत्येकीचं नाव होतं. इंग्रजी नावं देवनागरीत लिहिताना ते अडायचे, मला उच्चार विचारायचे आणि मग सावकाश लिहायचे. टोपीच्या जागी आले तेव्हा त्यांचं पेन थांबलं. "हे पुस्तकात होतं?" त्यांनी विचारलं. मी होय म्हटलं. "मी दोनदा वाचलं," ते म्हणाले आणि पुन्हा लिहायला लागले.

शेवटचं पान झालं. त्यांनी पहिलं पान पुन्हा पुढे ओढलं, शीर्षकाखाली उजवीकडे जागा सोडलेली होती. तिथे सवयीनं 'सौ.' लिहिलं आणि हात थांबला. मला वाटलं शाई संपली. ते कागदाकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल होत चालले होते. आठ वर्षं हा माणूस महिन्यातून एकदा तरी माझ्या घरी जेवत होता. तेव्हा मला कळलं की त्याला माझं नाव माहीत नाही.

"वहिनी," ते खाली बघतच म्हणाले, "तुमचं नाव काय?"

"ते सौ. खोडा आधी," मी म्हटलं.

त्यांनी खोडलं. आणि मी त्यांना माझं नाव सांगितलं, वडिलांचं, आणि माहेरचं आडनाव. त्यांनी ते माझ्यासमोर, एकेक अक्षर जाड निबानं घोटवत, पहिल्या पानावर लिहिलं.